पडद्यावरचा पाठ : स्लाइड व चित्रफीत यांचा वर्गात उपयोग

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ प्राथमिक शाळांतून आता फळ्याशेजारी पडदा आला आहे. कोठे ग्रामपंचायतीने प्रोजेक्टर दिला, कोठे पालकांनी वर्गणी काढून टीव्ही संच घेतला, तर कोठे शिक्षकाने पदरमोड करून संगणक आणला. ही गोष्ट अभिनंदनीय आहे. परंतु शाळाभेटीच्या वेळी मागील बाकावर बसून पाहिले असता असे दिसते की, पडदा आल्याने काही वर्गांतील मुले अधिक विचार करू लागली आहेत, तर काही वर्गांतील मुले नुसती अधिक शांत झाली आहेत. शांतता आणि एकाग्रता यांत पुष्कळ अंतर आहे. पडद्याकडे पाहत गप्प बसलेले मूल शिकत आहे की विसावा घेत आहे, हे ओळखण्याची जबाबदारी शिक्षकावरच राहते.

स्लाइडचे सादरीकरण आणि चित्रफीत, म्हणजे ज्याला आपण व्हिडिओ म्हणतो, ही दोन साधने पाठात कशी वापरावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्याचे सार थोडक्यात असे : तोंडाने सांगून जे कळणार नाही तेवढेच पडद्यावर दाखवावे, उरलेले शिक्षकाने बोलावे, आणि दाखविताना मधूनमधून थांबून मुलांना बोलते करावे.

१. एक कबुली

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचनकौशल्य या विषयावर बोलण्यासाठी मी चोपन्न स्लाइड तयार करून नेल्या होत्या. त्या करण्यात माझी दोन रात्रींची झोप गेली होती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. प्रत्येक स्लाइडवर आठ-दहा ओळी होत्या. त्या ओळी मी क्रमाने वाचीत गेलो. विसाव्या स्लाइडच्या सुमारास मागील रांगेतील मंडळी मोबाइल पाहू लागली, आणि तिसाव्या स्लाइडला पुढच्या रांगेतील एका बंधूंचा डोळा लागला.

परिषद संपल्यावर, सेवानिवृत्तीला दोन महिने उरलेले एक वयोवृद्ध मुख्याध्यापक माझ्याजवळ आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, “साहेब, पडद्यावरचे सगळे आम्हांला वाचता येत होते. आपण त्याविषयी काय सांगणार होतात, ते मात्र राहून गेले.”

हा एक प्रश्न मला चोपन्न स्लाइडपेक्षा अधिक शिकवून गेला. मी व्याख्यानाचे टाचणच पडद्यावर लावले होते. टाचण हे शिक्षकाच्या हाती असावयाचे असते. ते श्रोत्यांसमोर टांगावयाचे नसते. आपल्या शाळांतील अनेक सादरीकरणांत हीच चूक होताना मी पुढे पाहिली. पाठ्यपुस्तकातील उतारे जसेच्या तसे स्लाइडवर उतरवून घेतलेले असतात. शिक्षक ते वाचतात, मुले ते वहीत उतरवून घेतात, आणि तास संपतो. हे काम पाठ्यपुस्तकाने याहून स्वस्तात आणि विजेवाचून केले असते.

२. साधन नवे, कला जुनी

चित्र दाखवून शिकविण्याची कल्पना काही आजची नव्हे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, आणि शब्दाच्या जोडीला वस्तूचे दर्शन घडविले पाहिजे हा विचार रूढ केला. आपल्या महाराष्ट्रातही या कलेचा एक गौरवास्पद अध्याय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्याच्या प्रकाशात भिंगातून ती चित्रे पडद्यावर मोठी होऊन पडत. एकामागून एक चित्रे चपळाईने बदलली म्हणजे चित्रातील माणसे हलल्याचा भास होई. चलत्‌चित्रपट आपल्याकडे रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

त्या खेळात काचेवरचे चित्र स्वतः काही बोलत नसे. बोलणारा माणूस पडद्याजवळ असे. चित्र कथेला साहाय्य करी आणि कथा माणूस सांगे. ‘स्लाइड’ हा शब्दही अशाच सरकविण्याच्या काचेवरून आणि पुढे छायाचित्राच्या छोट्या पारदर्शक चौकटीवरून आला आहे.

आज आपण संगणकावर वापरतो त्या पॉवरपॉइंट या सॉफ्टवेअरचा जन्म अमेरिकेत झाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत ते सिद्ध केले. १९८७ साली ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. व्यापारी कचेऱ्यांतील बैठकांची सोय हा त्यामागील मूळ हेतू होता. त्यामुळे नवी स्लाइड उघडली की वर एक मथळा आणि खाली ठिपके देऊन मुद्दे लिहिण्याची जागा, असा साचा आपल्यापुढे येतो. तो साचा बैठकीसाठी बेतलेला आहे. आपल्यापुढे चौथीतील मुले बसली आहेत हे लक्षात घेऊन तो साचा बाजूस सारण्याचे आणि कोरी स्लाइड निवडण्याचे धैर्य शिक्षकाने दाखविले पाहिजे.

३. डोळा आणि कान

स्लाइडवर मजकूर लिहून तोच मोठ्याने वाचला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. उलट मुलांना ऐकावयासही मिळते आणि वाचावयासही मिळते, असा युक्तिवाद केला जातो. याचे उत्तर मानसशास्त्राने दिले आहे.

मनुष्याच्या मनात एका वेळी थोडीच माहिती धरून ठेवता येते. चित्र डोळ्यांच्या वाटेने येते आणि बोलणे कानांच्या वाटेने येते. या दोन वाटा एकमेकींना पूरक ठरू शकतात. परंतु पडद्यावर चित्र, त्याखाली लांब मजकूर आणि वर शिक्षकाचा तोच मजकूर वाचणारा आवाज असे तिन्ही एकदम आले, म्हणजे मुलाचा डोळा चित्र सोडून अक्षरांमागे धावतो. त्याचा वाचनाचा वेग आणि शिक्षकाच्या बोलण्याचा वेग जुळत नाही. परिणामी चित्रही नीट पाहिले जात नाही आणि बोलणेही नीट ऐकले जात नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील प्राध्यापक रिचर्ड मेयर यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे प्रयोग केले आणि २००१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. चित्र आणि तोंडी निवेदन एवढेच दिले असता, चित्र, निवेदन आणि तोच छापील मजकूर असे तिन्ही दिल्यापेक्षा शिकणे चांगले होते, हा त्यांतील एक प्रमुख निष्कर्ष होय. विषयाशी संबंध नसलेली शोभेची चित्रे, संगीत व गमती घातल्याने शिकणे कमी होते, आणि चित्रफीत तुकडे पाडून, शिकणाऱ्याच्या गतीने दाखविली तर शिकणे वाढते, हेही त्यांनी दाखवून दिले.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नवा शब्द शिकवावयाचा असेल, मूल वाचावयास नुकतेच शिकत असेल, किंवा त्याची घरची भाषा आपल्या प्रमाण मराठीहून वेगळी असेल, तर तो एक शब्द चित्राशेजारी ठळक लिहिणे उपकारकच ठरते. वर्ज्य करावयाचे आहेत ते परिच्छेद.

४. एका स्लाइडची गोष्ट

स्लाइडवर काय लिहावे आणि कोठे लिहावे, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. त्याचे गांभीर्य पटविणारे एक उदाहरण आपल्या मुलांनाही परिचित असलेल्या एका घटनेत आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकी अवकाशयान उडाले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्या यानात होत्या. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरील इंधनटाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि आपले निष्कर्ष वरिष्ठांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडले.

त्यांतील एका स्लाइडचा मथळा वाचणाऱ्यास धीर देणारा होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचेही पोटमुद्दे अशी उतरंड होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी बारीक अक्षरांत होती. ज्या चाचण्यांच्या आधारे अनुमान काढावयाचे, त्या चाचण्या ३ घन इंचांच्या तुकड्यावर झाल्या होत्या. यानावर आदळलेला तुकडा मात्र अंदाजे १९२० घन इंचांचा होता, म्हणजे ६४० पट मोठा. चाचण्यांवरून या आघाताविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, हा खरा निष्कर्ष होता. परंतु तो उतरंडीच्या तळाशी दडून राहिला.

१ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीकडे परतताना ते यान नष्ट झाले आणि सातही अवकाशवीर मृत्यू पावले. अपघाताचे प्रत्यक्ष कारण पंखाला झालेली इजा हे होते. स्लाइडमुळे यान पडले असे कोणी म्हणू नये. तथापि चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधील आपल्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. एडवर्ड टफ्टी या तज्ज्ञाने केलेले तिचे विश्लेषण त्यात दिले, आणि अशी स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यास हा जिवावरच्या संकटाचा विषय आहे हे न उमगणे सहज शक्य आहे, असा अभिप्राय नोंदविला.

आपल्या वर्गात यान पडत नाही. परंतु पाठातील मुख्य गोष्ट मुद्द्यांच्या गर्दीत हरवते तेव्हा शेवटच्या बाकावरचे मूल मागे पडते, आणि ते मागे पडल्याचा आवाजही होत नाही. यास्तव स्लाइड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : या स्लाइडवरील कोणती एक गोष्ट मुलाच्या ध्यानात राहिली पाहिजे? ती सर्वांत मोठी आणि सर्वांत वर असावी. तिच्याशी ज्याचा संबंध नाही ते काढून टाकावे.

५. स्लाइड तयार करताना

पुढील गोष्टी अनुभवाने उपयुक्त ठरल्या आहेत.

(अ) प्रथम पाठाचे टाचण कागदावर करावे. प्रस्तावना, हेतुकथन, प्रतिपादन, तुलना, संकलन आणि उपयोजन या पायऱ्या आपण अध्यापक विद्यालयात शिकलो त्या टाकाऊ झालेल्या नाहीत. टाचण पुरे झाल्यावर, यांपैकी कोठे चित्रावाचून अडते, तेवढ्या जागी खूण करावी. जितक्या खुणा तितक्या स्लाइड. पस्तीस मिनिटांच्या तासाला पाच-सहा स्लाइड पुरतात.

(आ) एका स्लाइडवर एकच कल्पना आणि शक्यतो एकच मोठे चित्र असावे. शब्द लिहावयाचे तर मोजके लिहावेत.

(इ) अक्षरांचा आकार ठरविण्यास सोपा नियम असा : पडद्यापासून शेवटच्या मुलाचे जे अंतर, त्याच्या दोनशेव्या भागापेक्षा पडद्यावरील अक्षराची उंची कमी असू नये. अंतर ६ मीटर असेल तर अक्षर किमान ३ सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे असल्यामुळे याहून थोडे मोठेच ठेवावे. शेवटी शंका राहिली तर शेवटच्या बाकावर स्वतः बसून पाहावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

(ई) पार्श्वभूमी साधी आणि अक्षरांचा रंग तिच्याहून अगदी वेगळा असावा. काही मुलांना लाल आणि हिरवा या रंगांतील भेद ओळखता येत नाही. म्हणून केवळ या दोन रंगांवर अर्थ अवलंबून ठेवू नये.

(उ) मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. मंगल किंवा निर्मला यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरल्यास ही आपत्ती टळते. शिवाय सादरीकरणाची एक प्रत पीडीएफ स्वरूपात जतन करून ठेवावी.

(ऊ) अक्षरे गिरक्या घेत येणे, स्लाइड बदलताना आवाज होणे इत्यादी अलंकार टाळावेत. मुले त्यांवर हसतात, आणि हसून झाल्यावर पाठाकडे परत येण्यास वेळ लागतो.

(ए) पॉवरपॉइंट विकत घेणे शक्य नसेल तर लिबरऑफिस या संचातील इम्प्रेस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि आपल्या कामास पूर्ण पुरेसे आहे.

एक छोटी युक्ती फार उपयोगाची आहे. सादरीकरण चालू असताना कळफलकावरील इंग्रजी ‘बी’ हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो. पुन्हा दाबले की चित्र परत येते. पॉवरपॉइंट आणि इम्प्रेस या दोहोंतही ही सोय आहे. आपल्याला बोलावयाचे असेल, मुलांकडून उत्तर काढून घ्यावयाचे असेल किंवा त्यांना वहीत आकृती काढावयास सांगावयाचे असेल, तर पडदा काळा करावा. पडदा विझला की सर्व डोळे शिक्षकाकडे वळतात. मला स्वतःला ही कळ चोपन्न स्लाइडनंतर गवसली, याचा खेद वाटतो.

६. चित्रफीत दाखविताना

जी गोष्ट अतिशय मंद आहे, अतिशय वेगवान आहे, अतिशय लहान आहे, फार दूर आहे किंवा वर्गात आणणे धोक्याचे आहे, ती चित्रफितीने दाखवावी. बी रुजणे, ज्वालामुखीचा उद्रेक, हृदयाचे आकुंचन-प्रसरण, समुद्राची भरती-ओहोटी ही तशी उदाहरणे होत. याउलट गावातील ओढा, शेतातील बांध, पोस्ट किंवा पिठाची गिरणी यांची चित्रफीत दाखविणे म्हणजे दारचे सोडून दूरचे दाखविणे होय. तेथे मुलांना प्रत्यक्ष न्यावे.

चित्रफीत वर्गात लावण्यापूर्वी शिक्षकाने ती आदिपासून अंतापर्यंत पाहिलीच पाहिजे. ती पाहताना हाती कागद घ्यावा आणि कितव्या मिनिटाला थांबावयाचे व तेथे कोणता प्रश्न विचारावयाचा, हे लिहून ठेवावे. वीस मिनिटांच्या चित्रफितीतील आपल्या उपयोगाची तीनच मिनिटे असतील तर तेवढीच दाखवावीत. पॉवरपॉइंटच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत चित्रफितीची नको असलेली टोके छाटता येतात.

निवेदनाची भाषा मुलांना कठीण असेल तर आवाज बंद करावा आणि निवेदन स्वतः करावे. आपल्या गावच्या बोलीतील शब्द, आपल्या शिवारातील उदाहरणे त्या दूरच्या निवेदकापाशी कोठून असणार?

थांबण्याची जागा निवडताना एक सूत्र ध्यानात ठेवावे. घटना घडून गेल्यावर “काय झाले?” असे विचारण्यापूर्वी, घटना घडण्याच्या क्षणभर आधी थांबून “आता काय होईल?” असे विचारावे. अंदाज केलेले मूल पुढचे दृश्य निराळ्या उत्सुकतेने पाहते; आपला अंदाज खरा ठरतो की खोटा, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते.

इंटरनेटवरून थेट चित्रफीत लावणे टाळावे. मधेच जाहिरात येते किंवा जोडणी तुटते, आणि वर्गाचे लक्ष विस्कटते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील साहित्य पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या साहाय्याने शोधता येते आणि मोबाइलवर आधी उतरवूनही ठेवता येते. चित्रफीत सादरीकरणास जोडली असेल तर ती व स्लाइडची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो सबंध फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावा. नुसती स्लाइडची फाइल नेली तर चित्रफितीच्या जागी काळा चौकोन दिसण्याची शक्यता असते.

७. नमुना पाठ : बी कसे रुजते?

वरील विवेचन एका पाठात कसे उतरते, ते पाहू. विषय ‘बी कसे रुजते’ हा घेतला आहे. आदल्या संध्याकाळी घेवड्याचे आणि हरभऱ्याचे दाणे भिजत घालावेत. प्रत्येक मुलाच्या हाती एक कोरडा व एक भिजलेला दाणा येईल एवढे दाणे असावेत.

पहिली स्लाइड : घेवड्याचा एकच कोरडा दाणा, पडदाभर मोठा. शब्द नाहीत. शिक्षक विचारतात, “हा दाणा जिवंत आहे का?” मुलांत मतभेद होतात. ते होऊ द्यावेत. लगेच उत्तर सांगू नये.

यानंतर पडदा काळा. मुले भिजलेल्या दाण्याचे साल हलकेच काढून त्याची दोन दले वेगळी करतात आणि आत काय दिसते ते सांगतात.

दुसरी स्लाइड : उघडलेल्या दाण्याचे मोठे चित्र आणि चारच शब्द : बीजावरण, बीजपत्र, आदिमूळ, अंकुर. हातातील दाण्यात मुलांना जे पुसट दिसले तेच येथे मोठे दिसते. वस्तू आधी आणि चित्र नंतर, हा क्रम मोडू नये.

तिसरी स्लाइड : घेवडा रुजण्याची चित्रफीत, जीत आठवडाभराची वाढ मिनिटभरात दिसते. आवाज बंद. दाणा फुगून साल फाटण्याच्या बेतात असता थांबावे : “आधी काय बाहेर येईल, मूळ की अंकुर?” हात वर करवून फळ्यावर दोन्ही बाजूंची संख्या लिहावी. मग पुढे दाखवावे. आधी मूळ येते. दुसऱ्यांदा, देठ वाकून मातीतून वर येतो तेथे थांबावे : “हा असा वाकडा का?” मातीतून वर घुसताना कोवळ्या शेंड्याला घासून इजा होऊ नये म्हणून, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. तिसऱ्यांदा, बीजपत्रे जमिनीवर येऊन उघडतात तेथे थांबावे.

चौथी स्लाइड : घेवडा आणि हरभरा यांची रोपे शेजारी शेजारी. घेवड्याची बीजपत्रे जमिनीच्या वर आली आहेत. हरभऱ्याची मातीतच राहिली आहेत. फरक मुलांनी शोधावा. तुलनेची पायरी येथे साधते.

पडदा पुन्हा काळा. मुले वहीत रुजत्या दाण्याची आकृती आठवून काढतात.

पाचवी आणि शेवटची स्लाइड : एकच प्रश्न. “बी फार खोल पेरले तर काय होईल?” एका शाळेत हा पाठ चालू असताना, एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमचे आजोबा म्हणतात, खोल पडलेले बी वर येईस्तोवर दमते.” बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून घेतले आणि तिच्या आजोबांच्या त्या एका वाक्यातून उत्तर उलगडले : बीजपत्रांतील साठविलेले अन्न अंकुर उजेडात पोचण्यापूर्वीच संपते, पाने नसल्यामुळे नवे अन्न तयार होत नाही, आणि रोप मरते. पडद्यावरचे विज्ञान आणि घरातील शेतीचे ज्ञान यांची अशी गाठ पडली, म्हणजे साधनाचे सार्थक झाले असे समजावे.

या पाठाला जोडून एक उपक्रम सुचवितो. काचेच्या पेल्यात ओल्या कापडाच्या कडेला चार दाणे ठेवावेत. एका विटेवर मोबाइल आडवा टेकवून रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून त्याचे छायाचित्र घ्यावे. विटेची जागा खडूने आखून ठेवावी. दहा दिवसांची दहा छायाचित्रे दहा स्लाइडवर घालून त्या सेकंदा-सेकंदाने आपोआप बदलतील अशी योजना करावी. आपल्या वर्गाची, आपल्या दाण्यांची चित्रफीत तयार होते. पटवर्धनांच्या काचांचे तत्त्व यात पुन्हा अनुभवास येते, आणि ही चित्रफीत मुले कितीही वेळा पाहण्यास तयार असतात.

८. वीज, खिडकी आणि शेवटचा बाक

ग्रामीण शाळेतील अडचणींची मला जाणीव आहे. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. खिडकीतून ऊन पडद्यावर येते. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असा संसार असतो. प्रत्येक अडचणीवर संपूर्ण तोड नसली तरी काही वाट काढता येते.

पडदा खिडकीसमोर न लावता खिडकीच्याच भिंतीला किंवा सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात लावावा. जाड चादरीने एक खिडकी झाकली तरी पुष्कळ फरक पडतो. पडद्याची खालची कड बसलेल्या मुलांच्या डोक्यांच्या वर राहील एवढा तो उंच असावा, नाहीतर मागच्या मुलाला पुढच्याचे डोके तेवढे दिसते. ज्यांना कमी दिसते त्यांना पुढे बसवावे, आणि पाहताना डोळे बारीक करणारे मूल आढळल्यास त्याच्या पालकांना नेत्रतपासणीविषयी अवश्य सांगावे. बहुवर्ग शाळेत एका इयत्तेचा पाठ पडद्यावर चालू असताना दुसऱ्या इयत्तेला पाठ करून बसविणे आणि लेखी काम देणे हिताचे असते. दुसरे मूल पडद्याकडे पाहणारच, याबद्दल त्याला दोष देऊ नये.

वीज गेली तर पाठ थांबता कामा नये. ज्याने आधी कागदावर टाचण केले आहे आणि ज्याच्या टेबलावर भिजवलेले दाणे आहेत, त्याचा पाठ फळ्यावर तितकाच चालतो. ज्याचा सर्व पाठ पेन ड्राइव्हमध्ये होता, त्याच्यावर मात्र ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे म्हणवून घेण्याची पाळी येते.

पाठ संपल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आज पडद्यावर जे दाखविले ते तोंडाने सांगून कळले असते का? मी किती वेळ बोललो आणि मुले किती वेळ बोलली? शेवटच्या बाकावरील मुलाने आज एक तरी वाक्य उच्चारले का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर दुसऱ्या दिवशी आरंभ त्याच बाकापासून करावा.

ज्या शाळांत अद्याप पडदा पोचलेला नाही, तेथील बंधुभगिनींनी मन लहान करू नये. भिजवलेला दाणा, रंगीत खडू आणि योग्य क्षणी विचारलेला प्रश्न ही सामग्री प्रत्येक शाळेत आहे. ज्यांच्याकडे पडदा आहे त्यांनी पुढील केंद्रसंमेलनात पाच स्लाइडचा एक पाठ करून दाखवावा आणि इतरांनी शेवटच्या बाकावर बसून तो पाहावा, अशी विनंती आहे. त्या दिवशी मीही मागेच बसेन.